वर्ग हातात घ्यायचाय? मग सुरुवात अशी करा
कोल्हापूर जिल्ह्यात नवीन शाळेवर रुजू झालेल्यांना माझं पहिलं सांगणं, पहिल्या आठवड्यात पोर्शनच्या मागं लागू नका. मुलांची नावं पाठ करा, आणि वर्गात यायचं कसं, वही कधी काढायची, शंका आली तर काय करायचं हे रोज तसंच करून घ्या, गोंधळ बराच कमी होतो.

मग प्रश्न विचारणं. आपण प्रश्न टाकतो आणि लगेच पहिल्या बाकावरच्या हुशार पोराकडं वळतो, हे सगळीकडंच होतं, अमेरिकेत शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात मोजून दाखवलंय की शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, आणि ३ सेकंद थांबलं तर उत्तरं मोठी येतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. म्हणून प्रश्न विचारा, मनात तीन आकडे मोजा, मगच नाव घ्या. ती शांतता सुरुवातीला लई जड जाते, पण थांबाच.

जुन्या सर-मॅडमनी नवीन माणसाला आपल्या तासाला मागं बसू द्यावं, आपणही त्याच्या तासाला जावं. नंतर एकाच गोष्टीवर बोला, दहा चुका काढू नका, माणूस खचतो.

ट्रेनिंगचं म्हणाल तर २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात वर्षाला ५० तास सांगितलेत. दीक्षा या शिक्षकांच्या सरकारी अ‍ॅपवर व्हिडिओ पळवत बसण्यापेक्षा तुमच्या वर्गात जे अडतंय तोच कोर्स घ्या, त्यातली एक युक्ती सोमवारी वापरा आणि शनिवारी वहीत दोन ओळी लिहा, काय जमलं, काय नाही. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला जाताना ती वही न्या.