सजग स्वप्नांचा सराव: या चुका टाळा

गेली अकरा वर्षे मी सजग स्वप्नांचा सराव करते आहे, म्हणजे स्वप्न चालू असतानाच ते स्वप्न असल्याचे ओळखून त्यात भानावर राहण्याचा. या काळात नव्याने सुरुवात करणाऱ्या अनेकांच्या अडचणी ऐकल्या आणि त्या इतक्या सारख्या निघाल्या की समोरच्याचे पहिले वाक्य पुरे होण्याआधीच दुसरे मला सांगता येते. तीन रात्री झाल्या, काहीच घडले नाही, एखादे जोरकस तंत्र सांगा, असे ते वाक्य असते. तंत्रांची टंचाई मला आजवर कुणाकडेही दिसलेली नाही. कमी पडते ती झोप, स्वप्नांची आठवण आणि दिवसा स्वतःकडे पाहण्याची सवय, आणि या तिन्ही गोष्टी कुणाकडून उसन्या आणता येत नाहीत.

बोटे मोजण्याचा सोपस्कार

सर्वांत जास्त मेहनत वाया जाते ती आपण जागे आहोत की स्वप्नात याच्या पडताळणीवर. दिवसातून काही वेळा हाताची बोटे मोजावीत, नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहावा किंवा एखादी ओळ वाचून, नजर हटवून, ती पुन्हा वाचावी, असे सर्वत्र सांगितले जाते. ही सवय स्वप्नात उतरली की तेथे बोटे सहा-सात भरतात, नाक दाबूनही श्वास चालू राहतो आणि ओळ दुसऱ्या वाचनात बदललेली असते. स्वप्नातला मजकूर बाहेर कोठेही छापलेला नसल्यामुळे मेंदूला तो प्रत्येक वेळी नव्याने रचावा लागतो, आणि स्वप्नात दाबलेले नाक खरे नसल्यामुळे अंथरुणावरच्या देहाचा श्वास अडत नाही. येथपर्यंत सारे ठीक आहे. बिघडते ते पुढे. माणूस फोनवर दर तासाला घंटा लावतो, ती वाजली की हातातले काम मनात घोळवतच बोटांवरून नजर फिरवतो, ‘पाच आहेत, जागा आहे’ असे पुटपुटतो आणि कामाला लागतो. यातून मेंदू एवढेच शिकतो की बोटे पाहायची आणि ‘जागा आहे’ म्हणायचे. स्वप्नातही मग तो हेच इमानाने करतो.

माझ्या सरावाच्या दुसऱ्या वर्षी मी या सोपस्कारात पारंगत झाले होते. एका पहाटे स्वप्नात मी परीक्षेला बसले होते आणि पर्यवेक्षक म्हणून माझी आजी बाकांमधून फेऱ्या मारत होती. आजीला जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती, पण ते मला खटकले नाही. घंटा झाली, मी सवयीने हात वर करून पाहिला, आणि बोटे सात भरली. मी शांतपणे ‘गेल्या आठवड्यात दोन वाढली असतील’ असा विचार केला व उत्तरपत्रिका लिहू लागले. आजीने जवळ येऊन हात निरखला आणि जास्तीच्या बोटांमुळे अक्षर सुधारेल असे मत दिले. मला तेही पटले. जाग आल्यावर हे सारे वहीत उतरवताना मला हसू आले, पण त्याहून अधिक ओशाळायला झाले, कारण वर्षभर दररोज पंधरा-पंधरा वेळा केलेली पडताळणी स्वप्नात अगदी ठरल्याप्रमाणे घडली होती आणि तरीही तिचा काडीचा उपयोग झाला नव्हता.

रेम झोपेत, म्हणजे डोळ्यांच्या जलद हालचालींच्या ज्या टप्प्यात ठळक स्वप्ने पडतात त्या टप्प्यात, मेंदूच्या पुढच्या भागातील सारासार विचाराशी निगडित क्षेत्रे मंदावलेली असतात. त्यामुळे विसंगती दिसणे अवघड नसते; ती विसंगती आहे हे कळणे अवघड असते. म्हणून आता मी दिवसातून चारच वेळा पडताळणी करते, आणि तीही घंटेच्या हुकमाने करत नाही. उंबरा ओलांडताना, अनपेक्षित माणूस भेटल्यावर, चिडल्यावर आणि काही हरवल्यावर मी थांबते आणि आधी स्वतःला विचारते की गेल्या दहा मिनिटांत मी कोठून कोठे आले. जागेपणी हा माग सलग लागतो. स्वप्नात तो दोन पावलांत तुटतो. त्यानंतर नाक दाबते, आणि ‘हे स्वप्न असू शकेल’ ही शक्यता खरोखर मनात धरून दाबते. यात अर्धे मिनिट जाते. ज्यांना दिवसातून चार वेळा अर्धे मिनिट देणे जड वाटते त्यांनी हा छंद सोडलेला बरा.

वही नसणे

स्वप्ने आठवत नसताना सजगतेच्या मागे लागणे ही दुसरी घाई आहे. सजग स्वप्न पडूनही सकाळी विसरले जाऊ शकते, आणि मग माणूस काहीच घडले नाही म्हणून कुरकुरत राहतो. जाग आल्यावर कूस बदलू नये, डोळे उघडू नयेत, शेवटचे दृश्य धरून मागे मागे जावे आणि मगच वही घ्यावी. मी आधी चार-पाच शब्द लिहिते, वाक्ये नंतर. रोज निदान एक स्वप्न आठवू लागेपर्यंत, यात दोन आठवडे जावोत की दोन महिने, मी कुणालाही पुढचे काही सांगत नाही. वहीचा दुसरा उपयोग असा की तिच्यातून आपल्या खुणा कळतात. मनी वसे ते स्वप्नी दिसे हे खरेच, पण मनी काय वसते हे महिनाभराची पाने एकत्र वाचल्याशिवाय कळत नाही. माझ्याकडे परीक्षा, पाण्याने भरलेले जिने आणि दिवंगत नातेवाईक वारंवार येतात.

झोप चोरणे

रात्रीची झोप साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांनी पुढे सरकते. सुरुवातीच्या फेऱ्यांत गाढ झोपेचा वाटा मोठा असतो आणि रेम झोप जेमतेम काही मिनिटे टिकते. पहाटेकडे रेमचे तुकडे लांबत जातात. सजगतेसाठी मध्येच उठून, थोडे जागून पुन्हा झोपण्याचे तंत्र आहे; त्यासाठी झोपल्यावर दोन तासांनंतरचा गजर लावणारा उत्साही माणूस म्हणूनच गाढ झोपेतून धडपडत उठतो, भिंतीकडे बघत बसतो आणि तंत्राला नावे ठेवतो. गजर साधारण पाच तासांनंतरचा हवा. त्याहून वाईट सवय अशी की नेहमीसारखे उशिरा झोपायचे, पाच तासांनी उठायचे, अर्धा तास जागायचे आणि सकाळी ठरल्या वेळी कामावर जायचे. यात नेमकी शेवटची, स्वप्नांनी भरलेली झोपच कापली जाते.

पहाटे उठायचे असेल त्या रात्री मी एक तास आधी अंथरुणावर पडते. उठल्यावर मंद उजेडात वीस-पंचवीस मिनिटे जुनी वही वाचते. फोनला हात लावत नाही. पुन्हा आडवी झाल्यावर नुकतेच पडलेले स्वप्न आठवते, त्यातली एखादी खूण निवडते, त्या खुणेपाशी आपल्याला भान आले अशी कल्पना करते आणि ‘पुढच्या स्वप्नात, मी स्वप्न पाहते आहे हे मला आठवेल’ हे वाक्य अर्थासह मनात म्हणत झोपी जाते. अमेरिकी स्वप्नसंशोधक स्टीफन लाबर्ज यांनी मांडलेले हे स्मृतीवर आधारलेले तंत्र आहे. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड विद्यापीठाच्या २०१७ मधील अभ्यासात पडताळणी, पहाटेचे उठणे आणि हे तंत्र या तिन्हींचा मेळ घालणाऱ्यांना आठवड्याभरात सुमारे १७ टक्के प्रयत्नांत यश आले, आणि तंत्र संपवल्यावर पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली त्यांच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ४६ टक्क्यांपर्यंत गेले. अधीर मंडळींनी हा दुसरा आकडा नीट पाहावा. दात-ओठ खाऊन तासभर जागत राहिल्याने सजगता येत नाही; वाक्य मनात ठेवून चटकन झोपता आले पाहिजे. हा प्रयोग मी आठवड्यातून दोन रात्रींपलीकडे करत नाही, आणि दुसऱ्या दिवशी लांबवर वाहन चालवायचे असेल तर मुळीच करत नाही.

सरावाला लागण्याआधी एक गोष्ट तपासावी. ज्यांना भास होण्याचा, वास्तवाशी नाते सुटल्यासारखे वाटण्याचा किंवा अपस्माराचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोपेशी खेळू नये. अशांना नुसत्या उत्साहाने भरीस घालणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांचा मला मनस्वी राग येतो.

आणखी काही, थोडक्यात

भान येताच आनंदाने उडी मारू नका. आधी स्वप्नातले हात एकमेकांवर चोळा, जमिनीचा स्पर्श जाणवू द्या, मग उडायचे ते उडा.

एकाच वस्तूकडे टक लावून पाहिल्यास दृश्य विरते. नजर फिरती ठेवावी.

जाग आली असे वाटताच पडताळणी करावी. जाग आल्याच्या भासातच उठून, स्वप्नातल्याच वहीत दोन पाने भरून, खरोखर उठल्यावर कोरे पान पाहण्याची पाळी माझ्यावर अनेकदा आली आहे.

रात्री मद्य घेऊन पहाटे सजगतेची अपेक्षा करू नये, कारण मद्याने विशेषतः रात्रीच्या पूर्वार्धातली रेम झोप दबते.

गोळ्या आणि पूरके यांविषयी मला विचारू नका.

अंग जखडल्यावर झटापट

झोपेतून जागे होताना मन आधी आणि अंग नंतर सुटे झाले, तर हलता येत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते, कधी खोलीत कुणीतरी उभे असल्याची खात्रीच पटते. रेम झोपेत स्वप्नातल्या हालचाली प्रत्यक्षात होऊ नयेत म्हणून शरीर स्नायू शिथिल ठेवते. ती शिथिलता काही क्षण रेंगाळते, इतकेच. श्वसनाचा मुख्य स्नायू, म्हणजे श्वासपटल, यात अडकत नाही, त्यामुळे गुदमरल्यासारखे वाटले तरी श्वास चालू असतो. सर्व शक्तीनिशी झटापट केल्याने केवळ भीती वाढते. मी श्वास सावकाश सोडते आणि पायाचा अंगठा हलवण्याचा प्रयत्न करते; उताणे झोपल्यावर हे अधिक होते, म्हणून भित्र्यांनी कुशीवर झोपावे. डोळ्यांचे स्नायूही या शिथिलतेतून सुटलेले असतात. याच फटीतून १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात संशोधक कीथ हर्न यांनी सजग स्वप्ने पाहणाऱ्या ॲलन वर्स्ली यांच्याकडून, ते स्वप्नात असतानाच, आधी ठरवलेल्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवून घेतल्या आणि सजग स्वप्न ही नुसती सांगोवांगी नसल्याचे दाखवले.

देहाबाहेर पडलो म्हणजे खोलीत फिरलो असे मानणे

याच जखडलेल्या अवस्थेतून कित्येकांना कानात गुंजारव, अंगभर थरथर आणि मग आपण वर उचललो गेल्याचा अनुभव येतो. मला तो प्रथम चौथ्या वर्षी आला. छताजवळून मी स्वतःला झोपलेले पाहिले आणि ते दृश्य इतके लख्ख होते की पुढचे कित्येक दिवस मी आपण खरोखर बाहेर पडलो होतो असे धरून चालले. मग माझ्या धाकट्या भावाने एक युक्ती काढली. तो रोज रात्री एका कागदावर चार अंक लिहून कागद उंच कपाटावर उताणा ठेवू लागला; मी खोलीत जायचे ते डोळे खाली ठेवून. तीन महिन्यांत सात वेळा मी तरंगत त्या कपाटापर्यंत पोहोचले आणि सातही वेळा मला आकडा स्पष्ट दिसला. एकदा तो लाल शाईत ठसठशीत ४७१९ असा होता. सकाळी कागदावर पेन्सिलीने २०८३ लिहिलेले निघाले.

सातपैकी दोन वेळा एकेक अंक जागेवर जुळला आणि त्या दोन अंकांवर मी आठवडाभर भावाशी वाद घातला. शेवटी त्याने मला हिशेब करायला बसवले. चार अंकांत निदान एक अंक निव्वळ योगायोगाने जागेवर जुळण्याची शक्यता तीनात एकाहून किंचित अधिक असते, म्हणजे सात प्रयत्नांत दोन-तीन वेळा असे व्हायचेच. नंतर जुनी टिपणे वाचताना दिसले की माझ्या ‘बाहेरच्या’ खोलीत दिव्याचे बटण नेहमी चुकीच्या भिंतीवर होते आणि पडदे लहानपणीच्या घरातले होते. मला हे आधीही दिसले होते. मी ते सोयीस्करपणे वगळत होते.

२००२ मध्ये मेंदूविज्ञानी ओलाफ ब्लांके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूच्या उजव्या बाजूच्या एका भागाला सौम्य विद्युतप्रवाह दिला, तेव्हा तिला आपण वरून स्वतःला पाहत असल्याचा अनुभव आला. शरीर कोठे आहे याची जाणीव मेंदू तोल, स्पर्श आणि दृष्टी यांची सांगड घालून तयार करतो, आणि ही सांगड निसटली की ‘मी’ देहापासून वेगळा भासतो. अनुभव खोटा असतो असे मी म्हणत नाही. तो ज्या खोलीत घडतो ती खोली आठवणीची असते. यावर चिडणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी आधी कपाटावर कागद ठेवावा आणि प्रत्येक प्रयत्नाची नोंद करावी, फसलेल्या प्रयत्नांची तर आवर्जून.

आता थरथर सुरू झाली की मी अंथरुणावरून बाजूला लोळते आणि मागे वळून देहाकडे पाहत नाही, कारण देह दिसताच लक्ष त्याच्यापाशी जाते आणि जाग येते. दोन्ही हातांनी भिंत चाचपत दारापर्यंत जाते, नाक दाबून श्वास घेते, तो चालला की दार उघडते, आणि दारापलीकडे बहुधा पाण्याने भरलेला जिना असतो.