आटपाट नगरातून स्पॅनिशकडे : गोष्टी ऐकत भाषा कशी शिकावी

इंदूरच्या मराठी घरांत मुलांना हिंदी कोणी शिकवत नाही. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि शाळेत जायच्या आधीच पोर भाजीवाल्याशी हिंदीतून भांडू लागतं. 'मैंने' कुठे म्हणायचं आणि 'मैं' कुठे, हे त्याला कोणी समजावलेलं नसतं. कानावर पडून पडून ते आलेलं असतं. मी बेचाळिसाव्या वर्षी स्पॅनिश शिकायला घेतलं तेव्हा हे साफ विसरले होते. एका ऑनलाइन वर्गात नाव घातलं, दोन महिने क्रियापदांचे तक्ते पाठ केले. पण कोणी दोन वाक्यं बोललं की एकही शब्द सुटा ऐकू येईना.

मग श्रावण आला. रामबागेत आत्याकडे कहाणी ऐकायला बसले. "आटपाट नगर होतं..." तीच कहाणी, तीच वाक्यं, दरवर्षी. 'वसा' म्हणजे काय, 'उतणं-मातणं' म्हणजे काय, हे लहानपणी मला कोणीच सांगितलं नव्हतं. राणी उतली, मातली आणि तिचं काय झालं, ते दहा वेळा ऐकून ते शब्द माझे झाले होते. त्या दुपारी तक्ते बाजूला ठेवले आणि स्पॅनिश गोष्टी ऐकायला लागले. गेली तीन वर्षं तेच करते आहे. त्यातून जी रीत हाताला लागली ती इथे सांगते.

पहिली पायरी : गोष्ट निवडणं

नवी भाषा आणि नवी गोष्ट एकाच वेळी घेऊ नका. गोष्ट आधी मराठीतून किंवा हिंदीतून समजून घ्या, मगच ती स्पॅनिशमध्ये ऐका. इतिहासाच्या आणि सणावारांच्या गोष्टी यासाठी फार उपयोगी पडतात, कारण त्यांत गावांची नावं, माणसांची नावं आणि सनावळी असतात. वाक्यातलं बाकी काही कळलं नाही तरी 'मेखिको', 'कोलोन' (आपला कोलंबस), 'ग्रानादा' (स्पेनमधलं शहर) हे शब्द कान पकडतोच. अनोळखी गावात राजवाडा दिसला की आपण कुठे आहोत ते कळतं, तसंच हे.

ऐकण्याआधी नकाशा उघडा. स्पॅनिश ही वीस देशांची अधिकृत भाषा आहे. गोष्ट पेरूची, स्पेनची की मेक्सिकोची, हे माहीत असलं की निम्मी भीती जाते.

पहिल्या गोष्टीसाठी मी मेक्सिको शहराच्या स्थापनेची दंतकथा सुचवेन. आपल्याकडे प्रत्येक देवळाचं स्थळपुराण असतं, तसं हे अख्ख्या नगराचं स्थळपुराण आहे. देवानं मेशिका, म्हणजे अ‍ॅझ्टेक, लोकांना सांगितलं, निवडुंगावर बसलेला गरुड जिथे दिसेल तिथे वस्ती करा. ते चालत राहिले. शेवटी तेस्कोको तळ्यातल्या एका बेटावर त्यांना तो गरुड दिसला, आणि परंपरेप्रमाणे १३२५ साली तेनोच्तित्लान नगर वसलं. पुढे १५२१ मध्ये स्पॅनिश फौजांनी ते जिंकलं. आजचं मेक्सिको शहर त्याच जागेवर उभं आहे, आणि मेक्सिकोच्या झेंड्यावर तोच गरुड आहे, चोचीत साप धरलेला. गोष्ट एवढीच. आता ती स्पॅनिशमध्ये कशी कानावर पडते ते पाहू.

दुसरी पायरी : चार वाक्यं, सात दिवस

गोष्टीतली ही वाक्यं मोठ्यानं म्हणा:

"लोस मेशिकास कामिनाबान ई कामिनाबान. बुस्काबान उना सेन्याल. उन दिआ येगारोन आ उन लागो. एन एल लागो आबीआ उना इस्ला, ई एन ला इस्ला बिएरोन उन आगिला सोब्रे उन नोपाल."

म्हणजे: मेशिका चालत होते, चालत होते. एक खूण शोधत होते. एके दिवशी एका तळ्यापाशी पोचले. तळ्यात एक बेट होतं, आणि त्या बेटावर त्यांनी निवडुंगावर बसलेला गरुड पाहिला.

आता फक्त शेपट्या ऐका. कामिनाबान, बुस्काबान. मग येगारोन, बिएरोन. जोवर गोष्ट रेंगाळते आहे तोवर 'बान', 'बान' येतं: चालत होते, शोधत होते. 'उन दिआ', म्हणजे 'एके दिवशी', आलं की 'रोन' सुरू होतं: पोचले, पाहिला. स्पॅनिशचे हे दोन भूतकाळ व्याकरणाच्या पुस्तकात पानंच्या पानं खातात. आपल्या कहाणीतही नेमकं असंच होतं. 'राजा होता, त्याला दोन राण्या होत्या' असं संथ चाललेलं असतं, आणि 'एके दिवशी काय झालं' म्हटलं की घटना सुरू होतात. हा फरक मी तक्त्यात दोन महिने शोधत होते. गरुडाच्या गोष्टीत तो चौथ्या दिवशी आपोआप ऐकू आला.

एक गोष्ट सात दिवस ऐका. रोज वीस मिनिटं पुरेत, पण रोज. मी सकाळी नेहरू पार्कात फिरताना ऐकते आणि संध्याकाळी भाजी निवडताना पुन्हा. पहिले दोन दिवस काही लिहू नका, शब्दकोश उघडू नका. तिसऱ्या दिवशी गोष्टीचा लेखी मजकूर समोर ठेवा आणि बोट फिरवत ऐका. इथे मोठा आनंद मिळतो. जो एक लांबलचक शब्द वाटत होता ते तीन शब्द निघतात. चौथ्या दिवशी पाचच शब्द वहीत उतरवा. पाचच का, तर गोष्ट अडू नये म्हणून. जे शब्द परत परत येतात आणि अजून कळलेले नाहीत, तेवढेच घ्या. पुढचे दोन दिवस ऐकता ऐकता सांगणाऱ्याच्या पाठोपाठ पुटपुटा, आरतीत शेजाऱ्याच्या आवाजाला धरून म्हणतो तसं. सातव्या दिवशी कागद मिटून फक्त ऐका.

सातव्या दिवशीही सगळं कळणार नाही. गोष्टीचा धागा हातात असला की पुढच्या गोष्टीकडे जा.

मराठी कानाचा फायदा

स्पॅनिशचे स्वर पाचच आहेत: आ, ए, इ, ओ, उ. ते आपल्या स्वरांच्या अगदी जवळचे आहेत. त्यातले 'त' आणि 'द' आपल्यासारखे दातांवरचे. 'न्य' आपल्या तोंडात आधीच आहे. 'ख' मात्र आपल्या 'खडू'तला नाही, उर्दूतल्या 'ख़त'मधला आहे. इंदुरात राहणाऱ्याला तोही जड जात नाही. कष्ट पडतात ते 'र'साठी. 'पेरो' म्हणजे 'पण', आणि तोच 'र' जिभेवर घोळवून 'पेर्रो' म्हटलं की कुत्रा.

वाक्याची बांधणीही पुष्कळदा मराठीच्या अंगानं जाते. 'मे गुस्ता' हे ऐकून इंग्रजीवाले गोंधळतात, कारण त्यांना 'मी आवडवतो' अशा वळणानं विचार करायची सवय असते. आपल्याला ते थेट कळतं: 'मला आवडतं'. आंबे अनेक असले की आपण 'मला आंबे आवडतात' म्हणतो, तेही तसंच म्हणतात, 'मे गुस्तान लोस मांगोस'. क्रियापद आंब्यांच्या मागे जातं, माझ्या नाही. तू आणि आपण यांतला फरकही तिथे आहे: मित्राला 'तू', वडीलधाऱ्याला 'उस्तेद'. म्हणून गोष्ट समजून घेताना मनात इंग्रजी आणू नका. स्पॅनिश सरळ मराठीला भिडवा.

काही शब्द तर घरातलेच आहेत. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या बहिणी, आणि पोर्तुगिजांकडून मराठीत किती तरी शब्द आले. आपला पाव तिथे 'पान', चावी 'याबे', साबण 'खाबोन'. 'पागार' मात्र तिथे क्रियापद आहे, पैसे देणे.

तिसरी पायरी : आपल्या ताटातून जाणाऱ्या गोष्टी

दुसऱ्या महिन्यापासून विषय असे घ्या की त्यांचं एक टोक आपल्या घरात असेल. मी खाण्यापासून सुरुवात केली.

रात्री इंदूरच्या सराफ्यात, तिथल्या खाऊगल्लीत, साबुदाण्याची खिचडी मिळते. एकदा तो द्रोण हातात धरून मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. त्याच आठवड्यात मी अमेरिका खंडातल्या पिकांच्या गोष्टी ऐकत होते. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा, तिथे बऱ्याच देशांत त्याला 'युका' म्हणतात. शेंगदाणा तिकडचाच, 'मानी', आणि मेक्सिकोत 'काकावाते'. बटाटा अँडीज पर्वतातला. 'पापा' हा शब्द तिथल्या केचुआ भाषेतून स्पॅनिशमध्ये आला. मिरचीसुद्धा तिकडचीच, मेक्सिकोत 'चिले', पेरूत 'आखी'. रताळं 'कामोते'. भुट्ट्याच्या किसाचा मका 'माईस'. आषाढी एकादशीचं ताट असं निम्म्याहून अधिक समुद्रापलीकडून आलेलं आहे.

सगळ्यांत जास्त हलवून गेला तो राजगिरा. त्याचं मूळही तिकडेच. मेक्सिकोत त्याच्या लाह्या गोड पाकात थापून वड्या करतात, आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीसारख्याच. त्या वडीला ते 'आलेग्रिआ' म्हणतात. आलेग्रिआ म्हणजे आनंद. हा शब्द मला पाठ करावा लागला नाही आणि आता तो विसरणं शक्य नाही.

असे धागे खूप आहेत. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस पाळतात. घरात गेलेल्या माणसांचे फोटो मांडतात, त्यांच्या आवडीचं जेवण ठेवतात आणि झेंडूच्या फुलांनी सगळं सजवतात. झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच. सर्वपित्रीला पान वाढणाऱ्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

दुसरा धागा स्पेनचा. ७११ पासून १४९२ पर्यंत स्पेनच्या लहानमोठ्या भागावर मुस्लीम राज्यं होती आणि अरबीतून शेकडो शब्द स्पॅनिशमध्ये शिरले. त्यांतले काही इथून निघालेले होते. शर्करा फारसी-अरबीतून प्रवास करत 'आसूकार' झाली, नारंग 'नारान्खा' झालं, आणि चतुरंगाचं शतरंज होऊन पुढे 'आखेद्रेस' झालं. १४९२ हे साल लक्षात ठेवा. ग्रानादाचं शेवटचं मुस्लीम राज्य पडलं, कोलंबस निघाला आणि नेब्रिखा या पंडिताचं कास्तिलियन, म्हणजेच स्पॅनिश, भाषेचं व्याकरण छापलं गेलं, सगळं एकाच वर्षी. या एका सालावर दोन महिने पुरतील इतक्या गोष्टी ऐकायला मिळतात.

आणि एक गोष्ट मराठी माणसानं शोधून ऐकावीच. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे ब्रिटिशांविरुद्धच्या गदर चळवळीत होते. पुढे ते मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेरानं त्यांना भित्तिचित्रात रंगवलं आहे. मराठी घरातला हा माणूस स्पॅनिशमधून शेतकऱ्यांना शिकवत होता, हे आठवलं की मला आजही बळ येतं.

चौथी पायरी : ऐकलेलं सांगणं

ही पायरी लोक गाळतात. कृपा करून गाळू नका. आठवड्याच्या शेवटी ऐकलेली गोष्ट घरात कोणाला तरी मराठीतून सांगा. सांगताना कुठे अडखळता ते पाहा. गोष्टीचा तोच तुकडा तुम्हाला कळलेला नसतो. तो पुन्हा ऐका.

मी आत्याला सांगते. पहिल्यांदा गरुडाची गोष्ट सांगितली तेव्हा तिनं विचारलं, "अगं, पण खूण दिली कोणी? देवाचं नाव काय?" मला ते नाव सांगता आलं नाही. परत ऐकलं तेव्हा ते सापडलं: उइत्सिलोपोच्त्ली. चार दिवस ते माझ्या कानांवरून गेलं होतं आणि मी आवाज समजून सोडून दिलं होतं.

मराठीतून सांगून झाली की तीच गोष्ट पाच-सहा वाक्यांत स्पॅनिशमधून सांगा. फोनवर रेकॉर्ड करा. सुरुवात 'आबीआ उना बेस' म्हणून करा, हे त्यांचं 'आटपाट नगर होतं'. शेवट त्यांच्या मुलांसारखा करा: 'कोलोरीन कोलोरादो, एस्ते क्वेन्तो से आ आकाबादो'. आत्याला मी हे ऐकवलं तेव्हा अर्थ न विचारताच ती म्हणाली, "सुफळ संपूर्ण, नाही का?"

काय ऐकावं, कुठून ऐकावं

अगदी नव्यानं सुरुवात असेल तर 'ड्रीमिंग स्पॅनिश'चे सुरुवातीच्या पातळीचे व्हिडिओ घ्या. तिथे सांगणारा चित्रं काढत, हातवारे करत, सावकाश बोलतो. 'लिब्रिवॉक्स'वर जुन्या, स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांचं स्पॅनिश वाचन फुकट मिळतं, पण वाचणारे स्वयंसेवक असतात, तेव्हा आवाज आधी पारखून घ्या. परीक्षा द्यायची असेल तर दिल्लीला इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही स्पेन सरकारची भाषासंस्था आहे.

पहिले तीन महिने एकाच देशाचा आवाज धरा. स्पेनच्या बऱ्याच भागात 'पाच'ला 'थिन्को' म्हणतात, मेक्सिकोत 'सिन्को'. पाऊस मेक्सिकोत 'युबिआ' आणि ब्युनोस आयर्समध्ये 'शुबिआ'. दोन्ही बरोबर आहेत, पण नवा कान दोन्हींत भरकटतो. वेग फार वाटला तर थोडा कमी करून ऐका, मात्र दोन आठवड्यांनी पुन्हा मूळ वेगावर या.

सहा-आठ महिन्यांनी 'रेडिओ आंबुलांते' या स्पॅनिश पॉडकास्टचा एखादा भाग लावून पाहा. लॅटिन अमेरिकेतल्या खऱ्या माणसांच्या गोष्टी तिथे त्यांच्याच आवाजात असतात, आणि प्रत्येक देशाचा माणूस आपापल्या ढंगानं बोलतो. मजकूर त्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. मी पहिला भाग लावला तेव्हा चौथा हिस्सासुद्धा हाती लागला नाही. वहीत फक्त भागाचं नाव आणि तारीख लिहून ठेवली. दोन महिन्यांनी तोच भाग पुन्हा लावला, भाजी निवडत होते, आणि गोष्टीतली बाई रडायला लागली तेव्हा ती का रडते आहे हे मला मजकूर न बघता कळलं.