हिमउतारावर पाय ठेवण्याआधी बर्फ कसा तपासावा

गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे रोपवे, दुसऱ्या टप्प्यात अफरवटच्या धारेजवळ, 4,000 मीटरच्या आसपास नेऊन सोडतो. तिथून आखलेल्या स्की-पट्ट्याबाहेर पडायला फारसा वेळ लागत नाही. 1 फेब्रुवारी 2023 रोजी याच डोंगरावर हापतखुड भागात हिमस्खलन झालं आणि पोलंडचे दोन स्कीपटू मृत्युमुखी पडले. मोकळ्या हिमउतारावर जाणाऱ्याने, मग तो स्कीवर असो वा स्नोशूवर, पुढची तपासणी स्वतः करायला शिकलंच पाहिजे. माणसं सापडतात त्या बहुतेक स्खलनांत थर सुटतो तो त्याच तुकडीतल्या कुणाच्या तरी वजनाने.

आदल्या संध्याकाळी

डीआरडीओची डीजीआरई ही संस्था, म्हणजे पूर्वीची सासे, हिमस्खलनाचे इशारे देते आणि जिल्हा प्रशासन ते प्रसिद्ध करतं. इशारा जिल्ह्याला आणि ठरावीक उंचीच्या वरच्या भागाला लागू असतो, तुमच्या घळीपुरता कधीच नसतो. धोक्याच्या पाच पातळ्यांपैकी तिसरी ‘मधली’ वाटते आणि फसवते. युरोपात बळींचा मोठा हिस्सा याच पातळीला जातो, कारण चौथीला लोक घरी बसतात. गेल्या 24 तासांत 30 सेंमी किंवा जास्त बर्फ पडला असेल, किंवा जोराचा वारा सुटला असेल, तर निदान दोन दिवस तीव्र उतार टाळा. वारा धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून आडोशाच्या बाजूला दाबून बसवतो. तो पृष्ठभाग गुळगुळीत आणि भक्कम दिसतो, पण पायाखाली पोकळ वाजतो.

उतार मोजा

थर सरकतात ते मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारावर, सर्वाधिक 38 च्या आसपास. हा कोन नजरेने ठरवू नका, बर्फावर नजर हमखास चुकते. उतारमापक असलेला कंपास वापरा. तो नसेल तर समान लांबीच्या दोन ट्रेकिंग काठ्या पुरतात. एक काठी उताराच्या दिशेने बर्फावर दाबून तिचा ठसा उमटवा. वरचं टोक जागीच ठेवून खालचं टोक उचला आणि त्या टोकापासून दुसरी काठी सरळ खाली लोंबू द्या. पहिली काठी उचलत-झुकवत दुसरीचं टोक बर्फाला टेकवा. ते ठशाच्या खालच्या टोकावर आलं तर उतार 30 अंश, त्याच्याही खाली गेलं तर जास्त.

डोक्यावरचा उतारही यात धरा. सपाटीवर, पण घळीच्या तोंडाशी लावलेला तंबू धोक्यातच असतो. तिथली झाडं बघा: देवदाराच्या डोंगराकडच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या असतील, भूर्ज एकाच दिशेला वाकलेले असतील, तर ती स्खलनाची नेहमीची वाट आहे.

पातळ बर्फ जास्त धोकादायक का

‘यंदा बर्फ कमी, म्हणजे धोका कमी’ हा समज जीवावर बेततो. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या जवळ असते. वर उणे 12 अंश आणि बर्फ 60 सेंमी असेल, तर दर 10 सेंमीला 2 अंशांचा फरक पडतो. हा फरक 1 अंशाच्या वर गेला की वाफ खालून वर सरकते आणि कण कोनदार, सुटे होत जातात, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे. मुठीत दाबले तरी त्यांचा गोळा होत नाही. तीच थंडी अडीच मीटर बर्फावर असती तर फरक अर्ध्या अंशाहून कमी राहिला असता आणि कण एकमेकांना चिकटले असते. डिसेंबरमधल्या पातळ बर्फाचा असा चुरा होतो आणि जानेवारीत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळं, त्यावर मीटरभर जड थर आणून टाकतात. मग तो थर जणू गोट्यांवर ठेवलेली फळी. सावलीतल्या उत्तर उतारांवर हा चुरा आठवडेच्या आठवडे टिकतो.

खड्डा खणा

ज्या उतारावर जायचं आहे त्याच दिशेला तोंड असलेली, तितक्याच उंचीवरची, पण छोटी आणि खाली घळ नसलेली जागा निवडा. चढायचा उत्तरेचा उतार आणि खड्डा मात्र दक्षिणेच्या उन्हात, ही नेहमीची चूक.

दीड मीटर रुंद आणि किमान 120 सेंमी खोल खणा, बर्फ कमी असेल तर जमिनीपर्यंत. डोंगराकडची भिंत उभी आणि गुळगुळीत तासा. आता वरून खाली दाबत या: कुठे अख्खी मूठ शिरते, कुठे चार बोटं, कुठे एकच बोट, कुठे पेन्सिल, कुठे फक्त चाकू. वर पेन्सिलचा थर आणि खाली अचानक मूठ शिरली, तर ती जागा संशयाची.

मग ईसीटी (एक्स्टेंडेड कॉलम टेस्ट) नावाची चाचणी करा. उताराला आडवा 90 सेंमी आणि डोंगराच्या दिशेने 30 सेंमी असा स्तंभ कापा. मागची बाजू गाठी मारलेल्या दोरीने पूर्ण सुटी करा, ती अर्धवट राहिली तर निकाल खोटा येतो. फावड्याचं पातं एका टोकावर आडवं ठेवा आणि त्यावर 10 थापा मनगटातून, 10 कोपरातून, 10 खांद्यातून द्या. थापा मोजा. भेग उमटून त्याच किंवा पुढच्याच थापेला स्तंभाच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावली, तर त्या उतारावर जायचं नाही.

भेग धावली नाही, तरी ती परवानगी समजू नये. काही पावलांवर बर्फ वेगळा असतो, आणि एक मीटरहून खोल थरापर्यंत थापेचा धक्का नीट पोचत नाही. पायाखाली ‘धप्प’ आवाज होऊन बर्फ बसला, भेगा पळाल्या किंवा शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, तर खड्डा खणत बसू नका, परत फिरा.

ओलांडताना आणि अडकल्यावर

एका वेळी एकच जण. बाकीच्यांनी सोंडेवर किंवा दाट झाडीत थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. प्रत्येकाकडे 457 किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला रेडिओ संकेतावरून शोधायचं यंत्र), किमान 240 सेंमीचा प्रोब (बर्फात टोचून पाहायची लांब काठी) आणि धातूचं फावडं हवं. तिघांत एक संच असून उपयोग नाही, कारण तोच गाडला जाऊ शकतो.

गाडलेला माणूस पहिल्या 10-15 मिनिटांत निघाला तर वाचण्याची शक्यता खूप असते. अर्ध्या तासानंतर ती झपाट्याने घसरलेली असते. त्यामुळे मदत बोलावण्यासाठी सगळ्यांनी खाली धावू नये. शोधताना मोबाईल ट्रान्सीव्हरपासून किमान 50 सेंमी दूर ठेवा. ट्रान्सीव्हरवर अंतराचा सर्वांत कमी आकडा मिळाला की तिथून 25 सेंमी अंतराने गोल फिरत प्रोब टोचा. प्रोब माणसाला लागला की तो काढू नका. उताराच्या खालच्या बाजूने, माणूस जितका खोल तितक्याच्या दीडपट अंतरावरून आत खणत जा, वरून खणलं तर त्याच्याच छातीवर उभे राहाल. चेहरा दिसताच आधी नाक-तोंडातला बर्फ काढा आणि छाती मोकळी करा, पाय नंतर.