थेरपिस्टला फोन करण्याआधी

बँकेत एकतीस वर्षं ताळा जुळवला. दहा पैशांचा फरक निघाला तरी घरी जायचं नाही, ही सवय. निवृत्तीनंतर लिफ्टची धास्ती बसली, तेव्हा पहिल्या थेरपिस्टनी विचारलं, "या भीतीला काय नाव द्याल?" मला वाटलं, पैसे मोजून निबंध लिहायला बसवलं! पुन्हा गेलोच नाही. पण माझ्या वहिनी, आई गेल्यावर, त्याच बाईंकडे वर्षभर गेल्या आणि सावरल्या. बाई तीच. फरक होता तो आम्हाला खरं कशानं पटतं याचा.

म्हणून थेरपिस्ट निवडण्याआधी वही घ्या. गेल्या काही वर्षांत तुमचं एखादं पक्कं मत बदललं असेल, तर ते कशानं बदललं ते लिहा. कुणी मुद्देसूद समजावल्यानं? स्वतः करून पाहिल्यानं? की एखादी ओवी, एखादा दृष्टान्त आत लागल्यानं? कॅनडात काम केलेले मानसशास्त्रज्ञ जोसेफ रॉइस जाणण्याचे असेच तीन मार्ग मानत: तर्क, अनुभव, रूपक.

तर्कवाल्यांना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची 1955 पासूनची विवेकनिष्ठ पद्धत मानवते, जिच्यात त्रासदायक समजुती तर्कावर तपासतात. ती मराठीत किशोर फडके यांनी रुजवली. करून बघणाऱ्यांना वर्तनोपचार, म्हणजे प्रत्यक्ष कृतीतून सवय बदलणं. वहिनींसारख्यांना मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांची कथनात्मक पद्धत, जिच्यात त्रासाला माणसापासून वेगळं काढून नाव देतात. त्या बाई तेच करत होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

फोनवर "तुमची पद्धत कोणती" एवढंच विचारू नका, बहुतेक जण "सगळं मिळून" म्हणतात. विचारा, "माझं म्हणणं तुम्हाला चुकीचं वाटलं तर काय कराल?" कुणी म्हणेल, पुरावा तपासू. कुणी म्हणेल, तुमच्या लेखी त्याचा अर्थ काय ते बघू. कोणत्या उत्तराला तुमचे खांदे सैल होतात ते बघा. (जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर ही निवडानिवड बाजूला ठेवा, टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर लगेच फोन करा.)

यात एक गोम आहे. आवडती पद्धत लपायलाही बरी पडते. दुसरे थेरपिस्ट तर्कवाले, मी खूश. चार सेशन लिफ्टच्या दोरांचं गणित मांडत बसलो. पण अशा धास्तीवर खरा उतारा म्हणजे थोडं थोडं करत तिच्या समोर जाणं, आवड असो वा नसो. पाचव्या वेळी ते म्हणाले, "मुद्दे बिनतोड आहेत काका. चला, खाली जाऊ."

एक मजला. अकरा सेकंद. वहीत नोंद आहे.