चिठ्ठ्या पडल्यानंतर शिरणारा बायस

रँडमायझेशन, म्हणजे उपाय कोणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवणं, चोख झालं तरी त्याची हमी चिठ्ठी पडेपर्यंतच. हात धुणं, मच्छरदाण्या, पाणी शुद्ध करणं अशा उपायांच्या चाचण्यांत बायस, म्हणजे निकाल एका बाजूला झुकवणारी चूक, शिरतो तो बहुतेक वेळा त्यानंतर.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे नोंदणी. इथे माणसांऐवजी अख्खी गावं किंवा शाळा, म्हणजे क्लस्टर, दोन गटांत वाटतात. गावाला उपाय मिळणार हे आधी कळलं आणि संमती नंतर घेतली, की त्या गावात उत्साही कुटुंबं जास्त नाव देतात, नाहीतर कार्यकर्ते नकळत आजारी मुलांची घरं गाठतात. गट पहिल्याच दिवशी वेगळे पडले. म्हणून आधी घरांची यादी, मग संमती आणि बेसलाइन म्हणजे सुरुवातीची मोजणी, गटांचं वाटप सगळ्यात शेवटी. ते शक्यच नसेल, तर नोंदणी करणाऱ्याला वाटप कळू देऊ नका.

क्लस्टर मोजकेच, समजा १२, असतील तर नुसत्या नशिबावर सोडू नका. लोकसंख्या आणि आजाराचं प्रमाण पाहून सारख्या गावांच्या जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीत वाटप करा.

दुसरी मोठी जागा मोजमाप. ‘गेल्या ७ दिवसांत मुलाला जुलाब झाले का?’ असं विचारलं, की साबण मिळालेली आई भिडेपोटी कमी सांगते. घरगुती पाणी शुद्धीकरणाच्या उघड चाचण्यांत, म्हणजे कोणाला उपाय मिळाला हे सगळ्यांना माहीत असलेल्या चाचण्यांत, जुलाब बरेच घटलेले दिसले. खोटं औषध किंवा खोटा फिल्टर देऊन केलेल्या चाचण्यांत तसा ठळक फरक दिसला नाही. त्यामुळे वजन, उंची, रक्ततपासणी किंवा दवाखान्याची नोंद अशी मोजमापं निवडा. उपाय पोहोचवणारी माणसं मोजणीला पाठवू नका, आणि दोन्ही गटांत भेटी सारख्याच ठेवा.

गळतीचं, म्हणजे चाचणी अर्ध्यात सोडणाऱ्यांचं, नुसतं प्रमाण पाहणं फसवं आहे. दोन्हीकडे १५ टक्के लोक गेले, पण एकीकडे स्थलांतरामुळे आणि दुसरीकडे कंटाळून, तर तुलना बिघडतेच. सोडून जाण्याचं कारण प्रत्येक वेळी लिहून घ्या.

शेजारच्या गावात उपाय झिरपला तर परिणाम खरा असून कमी दिसतो. मध्ये मोकळा पट्टा सोडा.

विश्लेषणात प्रत्येकाला त्याच्या मूळ गटातच धरा, उपाय वापरला असो वा नसो. क्लस्टर विसरून माणसं मोजणं हा बायस नव्हे, पण चूक तितकीच घातक. गावात ५० जण आणि अंतर्गत सहसंबंध, म्हणजे एका गावातली माणसं एकमेकांसारखी असण्याचं माप, ०.०२ असेल, तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे क्लस्टरमुळे नमुना किती पट मोठा लागतो तो आकडा, १ + ४९ × ०.०२ = १.९८, म्हणजे १,००० माणसांची माहिती जेमतेम ५०५ जणांइतकी.