आईचा उखाणा फोटोत दडवताना

आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यांचाच जुना फोटो नव्याने छापून दिला. आईने लग्नात घेतलेला उखाणा त्यात दडवलाय. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, स्कॅन केला की निघतो.

आधी मी प्रत्येक पिक्सेलच्या, म्हणजे फोटोतल्या ठिपक्याच्या, उजेडाच्या आकड्यातला शेवटचा बिट (0 किंवा 1) बदलून पाहिला. फाइलमध्ये ते चालतं, कागदावर नाही. उजेडाच्या 256 पायऱ्यांमधल्या एका पायरीचा फरक शाईत आणि स्कॅनरच्या खरखरीत पुसूनच जातो. म्हणून मोठे चौकोन घ्या.

4×6 इंची फोटो 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 1800×1200 पिक्सेल होतो. स्टुडिओत कडा थोड्या कापल्या जातात, म्हणून चारही बाजूंना 60 पिक्सेलची पांढरी पट्टी सोडा. उरलेल्या भागात 24 पिक्सेलचे 3150 चौकोन बसतात. एका चौकोनात एक बिट: डावा अर्धा भाग उजळ तर 1, उजवा उजळ तर 0. छपाईत फोटो गडद झाला किंवा पुढे थोडा फिकटला, तरी दोन्ही अर्धे सोबतच बदलतात. कोण उजळ, हे सहसा उलटत नाही.

प्रत्येक बिट पाच ठिकाणी विखरून ठेवा; कुठला बिट कुठे जाईल हे ठरवणारी किल्ली म्हणून मी लग्नाची तारीख घेतली. म्हणजे हातात 630 बिट राहतात. यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह 24 बिट खातं. पण युनिकोडमधला (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीतला) देवनागरीचा विभाग 128 जागांचाच आहे, त्यामुळे 7 बिट पुरतात. 90 चिन्हं मावतात. काना, मात्रा, अनुस्वार, हलंत सगळे वेगळे मोजा. दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेसाठी अवग्रहाचा (ऽ) क्रमांक वापरा. आईचा उखाणा 83 चिन्हांत बसला.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि ओपनसीव्ही हे चित्रांवर काम करायचं साधन वापरून फक्त उजेडाची पातळी बदला, रंगाला हात लावू नका. आधी ती 15 ते 240 मध्ये आणा, नाहीतर पांढऱ्याशुभ्र जागी आणखी उजळ करायला वावच राहत नाही. दोन अर्ध्यांत चेहऱ्यावर 6 पायऱ्यांचा फरक पुरे, जास्त केला तर गाल डागाळल्यासारखे दिसतात. मुंडावळ्या, हार, शालू यांत 14 पर्यंत खपतं.

मॅट कागद घ्या आणि स्टुडिओत बजावून सांगा: ऑटो करेक्शन बंद.

काढताना 600 डीपीआयला स्कॅन करा, चित्राचे चार कोपरे धरून ते सरळ करा, 1680×1080 वर आणा. मग प्रत्येक चौकोनाच्या दोन अर्ध्यांची सरासरी ताडून पाहा आणि पाच प्रतींपैकी तीन जे म्हणतील ते धरा. आमच्या फोटोत जरीच्या काठावरचे काही चौकोन चुकलेच, पण उखाणा अक्षरन् अक्षर निघाला.

किल्ली आणि प्रोग्राम कागदावर छापून फ्रेमच्या मागे पाकिटात ठेवा. ते हरवलं तर घरात पुढे कुणालाच उखाणा काढता येणार नाही.