व्हीटने नवा वेब प्रोजेक्ट कसा उभा करावा

जुन्या प्रोजेक्टचं फोल्डर कॉपी करायचं, नाव बदलायचं, नको त्या फाइल उडवायच्या आणि कामाला लागायचं, ही सवय पुष्कळांना असते. मलाही बरीच वर्षं होती. पण त्या कॉपीबरोबर कालबाह्य पॅकेजेस (इतरांनी लिहिलेले तयार कोडचे संच) येतात, कुणालाच आठवत नाहीत अशी सेटिंग्ज येतात आणि एखादी पासवर्डसारखी गुप्त कीसुद्धा येऊ शकते. कोऱ्या पाटीवर सुरुवात करायची असेल, तर टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, प्रोजेक्टचा सांगाडा उभा करून देणारं साधन वापरावं. अशा साधनांपैकी योमन २०१२ साली आलं, फेसबुकचं क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप २०१६ साली. फेब्रुवारी २०२५मध्ये रिअ‍ॅक्टच्या (वेब पानं बांधायच्या लायब्ररीच्या) टीमने नव्या अ‍ॅपसाठी ते वापरू नका असं जाहीर केलं, त्यामुळे एखादा जुना धडा तिथून सुरू होत असेल तर तो बाजूला ठेवा. आज मी नव्या माणसाला व्हीटच सुचवतो. इव्हान यू यांनी २०२०मध्ये आणलेल्या या साधनाचं नाव फ्रेंच आहे, अर्थ ‘झटपट’. स्पेलिंग मात्र व्ही-आय-टी-ई.

खालच्या कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना लहान लिपीतली इंग्रजी अक्षरं वापरा.

आधी नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) तपासा. टर्मिनल उघडून ‘नोड -व्ही’ द्या. व्हीटच्या सातव्या आवृत्तीला नोडची २०.१९ किंवा २२.१२ आणि त्यापुढची आवृत्ती लागते. नोड जुनं असेल तर आत्ताच अपडेट करा, नाहीतर पुढे येणारा एरर भलत्याच गोष्टीकडे बोट दाखवतो आणि तास वाया जातो.

मग जिथे प्रोजेक्ट हवा त्या फोल्डरमध्ये जा आणि ही कमांड द्या (एनपीएम हे नोडबरोबर येणारं, पॅकेजेस उतरवणारं साधन):

एनपीएम क्रिएट व्हीट@लेटेस्ट

शेवटचं ‘@लेटेस्ट’ गाळू नका. ते नसेल तर पूर्वी उतरवून ठेवलेली जुनी प्रत चालण्याची शक्यता असते.

आता प्रश्न येतात. पहिला प्रोजेक्टच्या नावाचा. नाव लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्या, शब्द जोडायला मधली आडवी रेघ चालते. नावाऐवजी नुसतं टिंब दिलं तर आहे त्याच फोल्डरमध्ये सगळं उभं राहतं.

इथे जरा थांबा. फोल्डरमध्ये आधीच काही असेल तर साधन विचारतं: असलेल्या फाइल काढून टाकू, रद्द करू, की त्यांच्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाऊ? मी एकदा घाईत पहिला पर्याय निवडला आणि आठवडाभर जमवलेली टिपणं गेली, कारण ती फक्त त्याच फोल्डरमध्ये होती. या पर्यायात गिटचं (फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचं) फोल्डर शाबूत राहतं, म्हणून आधी कमिट केलेलं, म्हणजे त्या नोंदीत जमा केलेलं, परत मिळवता येतं. न केलेलं मिळत नाही. शंका असेल तर रद्द करा आणि नव्या नावाने सुरुवात करा.

पुढे फ्रेमवर्क, म्हणजे पानं बांधायची तयार चौकट, निवडायचं असतं. रिअ‍ॅक्ट, व्ह्यू, स्वेल्ट, सॉलिड असे बरेच पर्याय दिसतात. वेब नुकतंच शिकत असाल तर ‘व्हॅनिला’ घ्या, म्हणजे फ्रेमवर्कशिवायचं. फ्रेमवर्क नेमकं कोणतं काम वाचवतं हे त्यानंतर नीट समजतं. मग टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टवर टाइपची तपासणी चढवलेली भाषा) की जावास्क्रिप्ट, हा प्रश्न. प्रोजेक्ट महिनाभरापेक्षा जास्त टिकणार असेल तर माझं मत टाइपस्क्रिप्टच्या बाजूने. नव्या आवृत्त्यांत पॅकेजेस इन्स्टॉल करून लगेच सुरू करू का, असंही विचारलं जातं. पहिल्या खेपेला नाही म्हणा आणि हाताने करा.

सगळी उत्तरं आधीच ठरलेली असतील तर एका ओळीत भागतं:

एनपीएम क्रिएट व्हीट@लेटेस्ट माय-अ‍ॅप -- --टेम्पलेट रिअ‍ॅक्ट

मधल्या त्या सुट्या दोन रेघा विसरू नका. त्यांच्या पुढचं सगळं व्हीटसाठी आहे, हे एनपीएमला त्यांच्यामुळेच कळतं.

यानंतर ‘सीडी माय-अ‍ॅप’, मग ‘एनपीएम इन्स्टॉल’, मग ‘एनपीएम रन डेव्ह’. टर्मिनलवर लोकलहोस्टचा, म्हणजे तुमच्याच संगणकाचा, पत्ता दिसेल, पोर्ट बहुधा ५१७३. तो ब्राउझरमध्ये उघडा.

पान दिसलं की लगेच कोड लिहायला बसू नका. ‘एनपीएम रन डेव्ह’ने चालू झालेला सर्व्हर बंद करा आणि ‘गिट इनिट’ द्या, कारण व्हीट गिटची रिपॉझिटरी (नोंदींचं फोल्डर) तयार करून देत नाही. सगळ्या फाइल जशाच्या तशा कमिट करा. माझ्या लेखी हीच सगळ्यात मोलाची पायरी. पुढे काही बिघडलं तर साधनाने काय लिहिलं होतं आणि आपण काय बदललं, हे एका डिफमध्ये (दोन नोंदींमधल्या फरकाच्या यादीत) समोर येतं. पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी पॅकेज-लॉकची फाइलही कमिटमध्ये असू द्या. मग सहकाऱ्याने ‘एनपीएम सीआय’ दिलं की त्याच्याकडे त्याच आवृत्त्या उतरतात.

आता फाइल वाचा. मोजक्याच आहेत, अर्धा तास पुरतो. इंडेक्स डॉट एचटीएमएल पब्लिक फोल्डरमध्ये नसून अगदी वरच्या पातळीवर आहे, कारण व्हीट तिथूनच सुरुवात करतं. त्यातला स्क्रिप्ट टॅग सोर्स फोल्डरमधल्या मेन फाइलकडे नेतो. तो धागा धरून एकेक इम्पोर्ट पाहत जा.

गिटने काय वगळायचं हे सांगणारी गिटइग्नोर फाइल खास लक्ष देऊन बघा. नोड-मॉड्यूल्स (उतरवलेली पॅकेजेस) आणि डिस्ट (तयार झालेलं बिल्ड) ही फोल्डर तिथे वगळलेली असतात, ‘लोकल’ने संपणाऱ्या फाइलही असतात. पण सेटिंग्ज ठेवायची साधी ‘डॉट ईएनव्ही’ फाइल वगळलेली नसते. तिच्यात काही गुप्त ठेवणार असाल तर ती ओळ स्वतः घाला. शिवाय ‘व्हीट’ (इथे मोठ्या लिपीतली अक्षरं) आणि अंडरस्कोअरने सुरू होणारं व्हेरिएबल कोडमध्ये वापरलं की त्याची किंमत थेट ब्राउझरकडे जाणाऱ्या कोडमध्ये उतरते, कुणीही ती वाचू शकतो. पासवर्ड किंवा पैशांच्या व्यवहाराची गुप्त की तिथे कधीही ठेवू नका. ती सर्व्हरवरच राहायला हवी.

शेवटी नमुन्याचा लोगो, काउंटरचं बटण आणि त्यांची सीएसएस काढून टाका, ‘एनपीएम रन बिल्ड’ द्या आणि डिस्ट फोल्डर तयार झालं की ‘एनपीएम रन प्रिव्ह्यू’ने ते ४१७३ पोर्टवर तपासा. रिकामं पान एररशिवाय उघडलं की दुसरा कमिट करा. त्यानंतरची प्रत्येक ओळ तुमची.